हुदहुद थोरोंग लावर पोचलं तेव्हा

रविवार, १२ ऑक्टोबर २०१४, दुपार

विशाखापट्टणमजवळ हुदहुद चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी १८० किलोमीटरच्या आसपास. आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून लाखो माणसं आधीच हलवलेली होती. वादळ कुठे आणि साधारण किती वाजता येणार, हे मच्छीमारांनाही दोन-तीन दिवस ठाऊक होतं.

उत्तरेला नेपाळात दसाईं नुकताच सरला होता, तिहार तोंडावर होता. अन्नपूर्णा परिक्रमेचा हा ऐन हंगाम. पावसाळ्यानंतर धुऊन निघालेलं आकाश बघायलाच तर जगभरची माणसं ऑक्टोबरात येतात.

सोमवार, १३ ऑक्टोबर, दिवसभर

वादळ छत्तीसगडकडून उत्तरेला सरकत ढिलं पडलं. मैदानातल्या माणसाच्या दृष्टीने संकट टळलं. पण वाऱ्याचा जोर गेला तरी समुद्रावरून उचललेलं बाष्प ढगांतच होतं. त्याच वेळी वरच्या थरातून थंड हवेची द्रोणी पश्चिमेकडून पुढे येत होती. तिने ते बाष्प हिमालयाकडे खेचलं. असं पूर्वी घडलं नव्हतं असंही नाही. १९९५च्या नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातल्या वादळानेच एव्हरेस्ट भागात अवेळी बर्फ पाडलं होतं आणि गोक्योच्या वाटेवर पांग्का इथे हिमस्खलनात १३ जपानी ट्रेकर आणि त्यांच्यासोबतचे नेपाळी गेले होते.

संध्याकाळ

परिक्रमेतल्या थोरोंग ला खिंडीखालचं थोरोंग फेदी सुमारे ४,४५० मीटरवर, हाय कँप त्याहून चारेकशे मीटर वर. दोन्हीकडचे लॉज भरलेले. फेदी म्हणजे पायथा, तिथून पुढे फक्त चढ. लसणाचं सूप, दाल-भात, लवकर झोप. विरळ हवेबद्दल इथे प्रत्येकजण जागरूक असतो. खाली मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे डॉक्टर हंगामात रोज त्यावर व्याख्यान देतात. डोकं दुखलं तर काय करायचं हे सगळ्यांना पाठ. विशाखापट्टणमला काय घडलं याच्याशी आपलं काही देणंघेणं आहे, हे मात्र बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर, पहाटे ४ च्या सुमारास

कपाळावर टॉर्च लावून रांगा निघाल्या. थोरोंग लाला पहाटे निघतात ते हौसेने नव्हे. दुपारकडे खिंडीत वारा माजतो, म्हणून दहाच्या आत वर पोचून पलीकडे उतरायचं, हा तिथला नेम. बर्फ भुरभुरत होतं. काहीजण थांबले, काही परत फिरले. पण पुढचे गेले की मागच्यांना धीर येतो. शिवाय परतीचं विमान, रजा, ठरलेले दिवस हेही पाठीवरच्या सॅकइतकेच जड असतात.

सकाळी ८ ते १०

भुरभूर संपली, कोसळणं सुरू झालं. वाट दाखवणारे खांब पुसट होत गेले. बऱ्याच हमालांच्या अंगावर अशा हवेसाठीचे कपडेच नव्हते.

दुपारकडे, खिंड, ५,४१६ मीटर

खिंडीत दगडी भिंतींची एक छोटी चहाची टपरी आहे. तिच्यात मावतील त्याहून कितीतरी जास्त माणसं दाटीवाटीने शिरली. बाहेर हातभर अंतरावरचं दिसेना.

सगळ्या घटनाक्रमाची गाठ या टपरीत आहे. थांबायचं की उतरायचं? उंचीच्या आजाराबद्दल शिकलेला एकच धडा म्हणजे उतरा, शंका असेल तर उतरा. पलीकडे मुक्तिनाथ सुमारे १,६०० मीटर खाली. जोमसोमहून जीपने येऊन १०८ धारांखाली स्नान करणाऱ्या आपल्याकडच्या यात्रेकरूंना ठाऊक असलेलं तेच मुक्तिनाथ. तिथे गरम खोल्या होत्या. टपरीत रात्र काढायची तर ऊब नाही, पांघरुणं नाहीत. वाट माहीत असलेल्या माणसामागून जाऊ, म्हणून बरेचजण निघाले. काही थांबले.

आज निवांत बसून निघालेल्यांना वेडं ठरवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्यांनी शिकवलेलंच केलं. फक्त तो नियम फुप्फुसांसाठी होता, हिमवादळासाठी नव्हे.

दुपारनंतर

कमरेइतक्या बर्फात रांग तुटली. पुढच्याचे ठसे क्षणात बुजायचे. दमलेला माणूस जरा टेकायचा आणि उठायचाच नाही. ओले कपडे, वारा आणि थकवा मिळून शरीराची ऊब इतक्या झपाट्याने काढून घेतात की विचारही गोठतो. आपण थंडीने मरतो आहोत हे मरणाऱ्याला धड कळत नाही. बारा तासांत सुमारे १.८ मीटर बर्फ पडलं.

रात्र

टपरीत थांबलेल्यांनी एकमेकांना झोपू दिलं नाही. रात्रभर बोलत, हलवत, घासत राहिले आणि वाचले. उतारावर रात्र काढलेल्यांपैकी काहीच वाचले.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आकाश निवळलं. नेपाळी सैन्याची हेलिकॉप्टरं उडू लागली. मुक्तिनाथच्या बाजूचा उतार, मग मनांगकडची बाजू. मनांगमधल्या फू गावाच्या परिसरातही हिमस्खलनात ट्रेकर आणि याक राखणारे गाडले गेले होते. पहिले आकडे डझनभराचे होते. शोध चालला तसतसे ते वाढत गेले. अखेरीस ४३ मृत्यू, त्यांत किमान २१ ट्रेकर. पाचशेहून जास्त लोकांना सोडवलं.

पंतप्रधान सुशील कोइराला यांनी हवामानाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा उभारण्याचं बोलून दाखवलं. पुढे, १ एप्रिल २०२३ पासून, नेपाळने एकट्याने ट्रेकिंग करणाऱ्या परदेशी माणसाला गाइड सक्तीचा केला. थोरोंग लाच्या मृतांत गाइडही होते.