अमोनियाचा तोल

प्रवरेकाठी आपण उसाला नत्रखत घालतो, त्याचा इतिहास उष्णतेच्या हिशेबाचा आहे. नायट्रोजन व हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते. म्हणूनच तापमान वाढविले की अमोनिया पुन्हा मोडू लागतो. समतोलाचा हा नियम ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८४ साली मांडला. तापमान उतरविले तर अमोनिया जास्त मिळायला हवा. पण मग क्रियाच इतकी मंदावते की कारखाना चालायचा नाही. हाबर यांच्या प्रयोगांवरून बॉश यांनी १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ येथे मधली वाट काढली: सुमारे ५०० अंश सेल्सियस उष्णता, हवेच्या सुमारे २०० पट दाब व लोखंडाचा उत्प्रेरक.

त्याच ओप्पाऊत १९२१ साली घट्ट झालेला खताचा ढीग सुरुंगाने फोडताना स्फोट होऊन ५०० हून अधिक माणसे मेली. रसायनाचा तोल साधला होता. कामगाराच्या जिवाचा साधायचा राहिला होता.