नाव सान्सुई, मुक्काम चितेगाव

पैठण रस्त्याने छत्रपती संभाजीनगर मागे टाकलं की चितेगाव येतं. शहर औरंगाबाद म्हणून ओळखलं जात होतं तेव्हा, १९८० च्या दशकात, धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने इथे टीव्हीचा मोठा कारखाना चालवला. तंत्रज्ञान जपानच्या तोशिबाचं, माणसं बरीचशी मराठवाड्यातली. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच समूहाने भारतात आणखी एक जपानी नाव विकायला घेतलं : सान्सुई. गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या गिऱ्हाइकाला सान्सुई म्हणजे व्हिडिओकॉनपेक्षा थोडा स्वस्त रंगीत टीव्ही. टोकियो, लंडन किंवा न्यूयॉर्कच्या हाय-फाय शौकिनाला हेच नाव ऐकवलं असतं, तर त्याच्या डोळ्यांपुढे काळ्या दर्शनी पट्टीचा, जाडजूड बटणांचा, एकट्याने उचलताना दमछाक करणारा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आला असता.

अ‍ॅम्प्लिफायरच्या दुनियेतलं इतकं मोठं नाव शहराच्या वेशीवर मुक्कामाला आलं, आणि शहरात घरासाठी अ‍ॅम्प निवडणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. त्याची निवड आधीही आणि नंतरही कंपन्यांपेक्षा मेकॅनिकच्या टेबलावरच होत राहिली. ते असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

निजामाच्या राजवटीत डेक्कन रेडिओचं मुख्य केंद्र हैदराबादेत होतं, पण औरंगाबादलाही रेडिओ केंद्र होतं. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० मध्ये आकाशवाणीने संस्थानांची जी मोजकी केंद्रं ताब्यात घेतली, त्यांत हैदराबादच्या जोडीला औरंगाबादचंही नाव होतं. मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात येण्याआधीच या शहराच्या कानाला रेडिओची सवय लागलेली होती. रेडिओ घ्यायचा तर पोस्टात वर्षाचा परवाना काढायचा आणि मर्फी, फिलिप्स, बुश यांतून एक निवडायचा. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर ही वस्तू घरात नव्हतीच, कारण तो रेडिओच्या पोटात होता. त्या काळच्या अनेक व्हॉल्व्हच्या सेटना मागच्या बाजूला ग्रामोफोनचं सॉकेट असे. तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची वायर तिथे खोचली की रेडिओतला शेवटचा व्हॉल्व्ह तीन-चार वॅटच्या ताकदीने गाणं स्पीकरकडे ढकलत असे. एवढ्या ताकदीत माजघरापासून ओसरीपर्यंत आवाज जायचा. आज कोणी चार वॅटला हसेल, पण मोठ्या शंकूचा स्पीकर आणि लाकडी पेटी असली की चार वॅट पुष्कळ होतात.

स्टीरिओने ही सोय मोडली. १९५८ च्या सुमारास पाश्चात्त्य बाजारात स्टीरिओ तबकड्या आल्या. एकाच खाचेत डावा-उजवा असे दोन आवाज, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरही दोन आणि स्पीकरही दोन. एका स्पीकरचा रेडिओ त्याला पुरेना. भारतात त्या वेळी आयात परवान्यांचं राज्य होतं. परदेशी अ‍ॅम्प दुकानात ठेवून विकणं जवळजवळ अशक्य. ती पोकळी भरून काढली कोलकात्यात १९७० साली सुरू झालेल्या सोनोडाइनने आणि मुंबईच्या कॉस्मिकने. दर्शनी पट्टीवर बास-ट्रेबलची बटणं, डाव्या-उजव्याचा तोल साधणारा बॅलन्स, हलक्या आवाजात खर्ज भरून काढणारा लाउडनेस : स्टीरिओची ही परिभाषा मराठी घरांत शिरली ती बहुतेक अशा देशी सेटमधून.

दुसरी वाट आखाताची होती. तिकडे नोकरीला गेलेला भाऊ किंवा मेहुणा सुटीवर येताना जपानी टू-इन-वन आणायचा, क्वचित कोणी पूर्ण स्टीरिओ सेट. त्याच्या पाठीमागे व्होल्टेजची सरकपट्टी असायची, ११० आणि २२०. घाईत ती ११० वरच राहून प्लग खोचला गेला, तर सेटची पहिली वारी थेट दुरुस्तीच्या दुकानात व्हायची.

तिसरी वाट सगळ्यांत वर्दळीची, आणि लेखी इतिहासात सगळ्यांत कमी आलेली : असेंबल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, पत्र्याची पेटी करून घ्यायची, सोल्डर करायचं. दिल्लीचं ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ १९६९ पासून निघत होतं आणि १९८३ पासून ‘एलेक्टर’ची भारतीय आवृत्ती मिळू लागली. दोन्हींत अ‍ॅम्पची सर्किटं येत. या जगाचा नायक २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर. शंकरपाळ्याच्या आकाराचं धातूचं आवरण, दोन स्क्रू, खाली मायकाची चकती आणि मागे अ‍ॅल्युमिनियमचा हीट सिंक. त्याच्या तोडीचा उलट्या ध्रुवाचा जोडीदार एके काळी सहज मिळत नसे, म्हणून वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना २एन३०५५ लावून काम भागवणारी सर्किटं सर्रास चालत. शुद्धतावाद्यांनी त्यांना नावं ठेवली, गाणं ऐकणाऱ्यांनी ऐकलं. अडचण सर्किटापेक्षा मालाची होती. या ट्रान्झिस्टरची नक्कल बाजारात इतकी मुरली, की जाणता मेकॅनिक पाठीवरचा छाप वाचण्याआधी तो हातात तोलून बघायचा.

तोलून बघण्याची ही खोड पूर्ण अ‍ॅम्पच्या बाबतीतही होती आणि तिच्यामागे पक्कं गणित होतं. अ‍ॅम्प्लिफायर स्वतः शक्ती निर्माण करत नाही. भिंतीतून येणारी वीज ट्रान्सफॉर्मर उतरवतो, डायोड ती एकदिश करतात, मोठे कपॅसिटर तिला साठवतात आणि ट्रान्झिस्टर गाण्याच्या बरहुकूम ती स्पीकरला सोडतात. तबल्याची थाप पडली की क्षणभर मोठा प्रवाह लागतो. ट्रान्सफॉर्मर कमी लोखंडाचा आणि बारीक तारेचा असेल, तर तिथेच व्होल्टेज बसतं आणि थाप बोथट होते. तांबं आणि लोखंड महाग, म्हणून काटकसर करणारा उत्पादक पहिला हात तिथेच मारतो. सेट उचलून पाहणारं गिऱ्हाईक अडाणी वाटे, पण त्याला नेमकं काय शोधायचं ते ठाऊक होतं.

मराठवाड्याच्या विजेनेही निवडीत ढवळाढवळ केली. संध्याकाळी व्होल्टेज उतरणं, मध्यरात्री चढणं हा नित्याचा खेळ, म्हणून अ‍ॅम्पच्या शेजारी स्टॅबिलायझर आला. २००० नंतरच्या दशकात भारनियमनाने गावांतली वीज तासन् तास जाऊ लागली, तेव्हा बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या मशीनचं महत्त्व वाढलं. ते बहुधा सान्योच्या एलए ४४४० या चिपवर उभं असे. एका चिपमध्ये दोन चॅनल, प्रत्येकी सुमारे सहा वॅट, आणि दोन्ही जोडून एकच चॅनल केला तर एकोणीस. गाडीतल्या टेपसाठी बनलेली ही चिप घरोघर पोहोचली. तिला मडक्यात बसवलेले स्पीकर जोडण्याची हौस वेगळीच. मडक्यातला घुमणारा खर्ज हाय-फायच्या कुठल्याही कसोटीला उतरत नाही, तरी तो आवडणाऱ्यांची संख्या हाय-फायवाल्यांपेक्षा कायम जास्तच राहिली.

याच चिपच्या खोक्यावर मग दोनशे, पाचशे, हजार वॅट छापले जाऊ लागले. पुढे चार अक्षरं जोडलेली : पीएमपीओ. क्षणार्धासाठी, कागदावर, सगळे स्पीकर मिळून, विकृतीची तमा न बाळगता जो आकडा निघेल तो. हा आकडा कसा काढायचा याचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नव्हतं, त्यामुळे तो कितीही फुगवता येई. अमेरिकेत असाच सुळसुळाट झाला तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की घरगुती अ‍ॅम्पची ताकद सांगायची तर दोन्ही चॅनल सतत चालवून, ठरलेल्या स्पीकरभारावर आणि विकृतीचा आकडा देऊनच सांगा. आपल्याकडे तो धाक नव्हता. दिवाळीच्या सेलमध्ये आकड्यांची चढाओढ लागायची आणि बापलेकांमध्ये ‘शेजाऱ्यांकडे हजारचा आहे’ हा युक्तिवाद चालायचा.

वॅटचं खरं गणित या चढाओढीला मुळीच साथ देत नाही. दहा वॅटचे वीस केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायचा असेल तर ताकद दहापट लागते. एका वॅटवर एक मीटरवर नव्वद डेसिबल देणारा स्पीकर असेल, तर सिडकोच्या घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत रोजचं ऐकणं एक-दोन वॅटमध्ये उरकतं. उरलेली ताकद थापेसाठी आणि तिहाईसाठी राखीव. १९७० च्या दशकापासून सिडकोने वसवलेल्या एन-वन, एन-टू अशा वसाहतींमधली लहान घरं पाहिली, तर प्रामाणिक वीस-तीस वॅटचा अ‍ॅम्प तिथे ऐश्वर्यच म्हणायचा.

आता पुन्हा सान्सुई. ही कंपनी १९४७ मध्ये टोकियोत निघाली ती ट्रान्सफॉर्मर बनवण्यासाठी. युद्धानंतरच्या जपानात रेडिओचे सुटे भाग बेभरवशाचे होते, आणि कोसाकू किकुची यांनी चांगला ट्रान्सफॉर्मर करून विकायचं ठरवलं. अ‍ॅम्प्लिफायर नंतर आले. १९६५ च्या एयू-१११ या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं वजन वीस किलोंच्या वर होतं आणि त्यातला मोठा वाटा लोखंडाचा. सत्तरच्या दशकात एयू-९५००, एयू-७१७, एयू-९१९ अशी मालिका निघाली, चार स्पीकरांची क्यूएस ही पद्धतही त्यांनी आणली. शहागंजात सेट उचलून पाहणाऱ्या माणसाला हवं होतं ते नेमकं हेच घराणं.

पण सान्सुई भारतात पोहोचेपर्यंत टोकियोतलं घर मोडकळीला आलं होतं. १९८५ नंतर येन महागला, निर्यातीवर जगणाऱ्या जपानी ऑडिओ कंपन्या अडचणीत आल्या. १९८९ मध्ये असिल नादिर यांच्या ब्रिटिश पॉली पेक समूहाने सान्सुईवर ताबा मिळवला आणि पुढच्याच वर्षी तो समूह कोसळला. मग सेमी-टेक आली, तीही दशक संपताना बुडाली. या उलथापालथीत नाव कारखान्यापासून सुटं झालं आणि देशोदेशी परवान्यावर दिलं जाऊ लागलं. चितेगाववाल्यांच्या हाती आलं ते हे सुटं नाव. त्यावर टीव्ही विकणं हा व्यवहार म्हणून शहाणपणाचाच होता, कारण भारतात अ‍ॅम्प्लिफायरचं गिऱ्हाईक मूठभर आणि टीव्हीचं घरटी एक. तरी हळहळ वाटते. मोठा कारखाना होता, जपानी ओळखी होत्या, आणि नावही हाती आलं होतं. चिकलठाण्यात तर गरवारेंच्या कारखान्यात पॉलिएस्टर फिल्म बनत होती, आणि कॅसेटची टेप आणि कपॅसिटर बनतात ते अशाच फिल्मपासून. घरगुती स्टीरिओचा एक देशी अ‍ॅम्प या शहरातून निघायला काय हरकत होती?

टोकियोची मूळ कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजवरही कर्जबुडीची कारवाई राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात सुरू झाली.

आज निवड करणाऱ्यापुढे दोन टोकं आहेत. एकीकडे टीपीए ३११६ सारख्या चिपवरचा क्लास-डी अ‍ॅम्प : तळहातावर मावणारा, लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालणारा, दोन्ही बाजूंना भरपूर ताकद देणारा. वजनाची जुनी कसोटी इथे निरुपयोगी. ट्रान्झिस्टर सतत पूर्ण उघडझाप करत असल्याने उष्णता कमी, हीट सिंक लहान, आणि अडॅप्टरमधला ट्रान्सफॉर्मर उच्च वारंवारतेवर चालत असल्याने बोटाच्या पेराएवढा. दुसरीकडे जपानमधून जुन्या बाजारात येणारे सान्सुईचे अस्सल अ‍ॅम्प. त्यांतले खास जपानसाठी बनलेले १०० व्होल्टचे असतात, म्हणून २३० वरून उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर सोबत घ्यावा लागतो. तीस-चाळीस वर्षांत आतले कपॅसिटर सुकलेले असतात, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर येते. ती स्प्रेने जाते. मोठी शंका आउटपुटची. म्हणून अनुभवी मेकॅनिक अशा सेटला लगेच स्पीकर लावत नाही. तो सेट चालू करून थोडा वेळ तापू देतो आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरून डीसी व्होल्टेज मोजतो. काही मिलिव्होल्ट दिसले तर सौदा पुढे सरकतो. एक-दोन व्होल्ट दिसले की पेटीचं झाकण उघडतं आणि किंमत खाली यायला लागते.