काळें कापड आणि कांचेचा पडदा

भर दुपारीं एखाद्या किल्ल्याच्या तटावर किंवा समुद्रकिनाऱ्यावर डिजिटल कॅमेरा घेऊन उभा असलेला मनुष्य पाहावा. तो कॅमेरा हातभर अंतरावर धरितो, मान वांकडी करितो, दुसऱ्या हाताच्या तळव्यानें पडद्यावर आडोसा करितो, क्वचित् पाठ फिरवून स्वतःच्याच सांवलींत शिरूं पाहतो; आणि इतकें करून पडद्यावर त्यास जें दिसतें तें बहुधा स्वतःचें कपाळ आणि मागचें आभाळ. शेवटीं तो अंदाजानें कळ दाबतो, आणि चित्र कसें आलें तें घरीं गेल्यावर पाहूं, असें म्हणून पुढें चालूं लागतो. ज्या प्रकाशामुळें चित्र निघावयाचें त्याच प्रकाशामुळें तें पाहतां येऊं नये, ही गोष्ट चमत्कारिक खरी. पण ती नवी नाहीं. छायाचित्रणकलेचा जन्म होण्यापूर्वीं दोन शतकें तरी माणसें याच अडचणीशीं झगडत होतीं, आणि तिच्यावर त्यांनीं काढलेली तोड आजच्याहून पुष्कळच शहाणपणाची होती, असें आमचें मत आहे.

'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ खोली. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधारी खोली. दारेंखिडक्या लावून घेऊन भिंतीस एक बारीक छिद्र ठेविलें तर बाहेरचा देखावा समोरच्या भिंतीवर उलटा उमटतो. ग्रहण लागलेल्या सूर्याची कोर अशा छिद्रांतून कशी पडते, याचा विचार इब्न अल्-हैथम या अरब पंडितानें अकराव्या शतकांतच केला होता. इटलींतील देल्ला पोर्ता याच्या १५५८ सालच्या ग्रंथानें ही करामत युरोपांत सर्वतोमुखी झाली. परंतु खोली कांहीं खांद्यावर टाकून नेतां येत नाहीं. त्यावर ज्योतिषी केप्लर यानें युक्ति काढली. १६२० सालीं हेन्री वॉटन हा इंग्रज राजदूत त्यास लिंट्झ येथें भेटला, आणि तेथें जें पाहिलें तें त्यानें फ्रान्सिस बेकन यास पत्रानें कळविलें. माळावर कोठेंहि उभारतां येईल असा एक लहानसा काळा तंबू. पवनचक्कीप्रमाणें तो चोहों दिशांस फिरवितां येई. आंत मिट्ट काळोख, एका छिद्रास भिंगाची नळी बसविलेली, आणि तींतून कागदावर पडणारा देखावा केप्लर लेखणीनें गिरवून घेई. उन्हांत प्रतिमा पाहावयाची तर पाहणाऱ्यानें आपला अंधार बरोबर नेला पाहिजे, हें मर्म त्या तंबूंत आहे. पुढें १६८५ सालीं योहान झान या जर्मन धर्मोपदेशकानें उचलून नेतां येण्याजोग्या पेट्यांच्या आकृति प्रसिद्ध केल्या. त्यांत भिंगामागें तिरपा आरसा बसवून प्रतिमा वरच्या अर्धपारदर्शक कांचेवर आणिली होती, आणि कांचेवर सांवली धरावयास झांकणहि होतें. तंबूची पेटी झाली, तरी अंधाराची सोय कोणी सोडली नाहीं.

ती सोडून पाहण्याचा एक प्रयत्न मात्र झाला, आणि तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मार्मिक आहे. १८०६ सालीं वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें 'कॅमेरा ल्युसिडा', म्हणजे उजळ खोली, या नांवाचें उपकरण काढलें. नांव मोठें, वस्तु पाहिली तर दांडीवर बसविलेला एवढासा लोलक. त्यांतून खालीं पाहिलें असतां समोरचा देखावा आणि खालचा कागद एकावर एक दिसत, व चित्रकारानें रेषा ओढीत जावें. तंबू नको, पेटी नको. पण मेख होती ती अशी, कीं कागदावर ऊन पडून तो देखाव्याहून उजळ झाला म्हणजे देखावा विरून जाई, आणि देखावाच फार उजळ असला तर पेन्सिलीचें टोंक दिसेनासें होई. दोन उजेडांचा तोल सांभाळणें हेंच मोठें काम होऊन बसे. १८३३ सालच्या आक्टोबरांत इटलींतील कोमो सरोवराच्या कांठीं टालबट हा इंग्रज गृहस्थ हें उपकरण घेऊन बसला, परंतु त्याच्या हातून धड एक चित्र साधेना. तेव्हां त्यास पूर्वीं वापरलेल्या अंधाऱ्या पेटीची आठवण झाली. तिच्यांत पडणारीं तीं क्षणभंगुर चित्रें आपणहून कागदावर ठसलीं तर काय बहार होईल, असा विचार मनांत आला, आणि छायाचित्रणाच्या दोन उगमांपैकीं एक तेथून निघाला. उजळ खोलीनें निराश केलें म्हणून मनुष्य अंधाऱ्या खोलीकडे परतला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण डिजिटल कॅमेऱ्याचें पोट जरी अंधाऱ्या खोलीचें असलें, तरी त्याचा पडदा हा त्या उजळ खोलीचा वंशज आहे.

दुसरा उगम पॅरिसचा. १८३९ सालीं दागेरची कृति जाहीर झाली. त्याच्या पेटीच्या पाठीस घासलेली कांच होती व तिच्यावर देखावा पाहून भिंग पुढेंमागें करावयाचें असे. अशा कांचेवरचें चित्र उघड्या उन्हांत दिसत नाहीं, म्हणून छायाचित्रकाराच्या सामानांत काळें कापड आलें व कायमचें राहिलें. आमच्याकडेहि ही विद्या लवकरच पोंचली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. अजिंठा वगैरे लेण्यांचीं मेजर गिल यानें घेतलेलीं छायाचित्रें १८६४ सालीं फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपानें बाहेर पडलीं. चैत्रवैशाखाच्या उन्हांत काळ्या कापडांत डोकें खुपसून उभें राहणें म्हणजे काय, हें ज्यानें केलें त्यानेंच सांगावें! परंतु त्या घुसमटींत एक सुख होतें. चित्र उलटें असे खरें, पण तें समग्र दिसे. चारी कडा, कोपऱ्यांतील नको असलेली फांदी, सांवलींतील चेहरा, सारें न्याहाळण्यास सवड असे. कळ दाबण्यापूर्वीं चित्र पाहिलेलें असे.

१८८८ सालीं दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध येईल हें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि आलें नसेल. अमेरिकेंत ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा विक्रीस आला. त्यास ना घासलेली कांच, ना कापड. देखावा पाहण्याची खिडकीसुद्धां नव्हती. पेटीच्या माथ्यावर दोन तिरप्या रेषा कोरलेल्या असत, त्यांच्या रोखानें नेम धरावयाचा आणि कळ दाबावयाची. त्याच सालीं प्राग येथें रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरांतून मिळणाऱ्या एका द्रव्याचा अभ्यास करीत असतां त्यास असें आढळलें, कीं त्याचा एक पदार्थ १४५.५ अंशांवर वितळून गढूळ द्रव होतो, आणि १७८.५ अंशांवर तोच द्रव एकाएकीं निवळतो. मधल्या अवस्थेंत तो द्रवासारखा वाहतो, पण प्रकाशाशीं वागतो मात्र स्फटिकासारखा. यासच पुढें द्रवस्फटिक हें नांव पडलें. एका घटनेनें छायाचित्रकाराच्या डोक्यावरचें कापड काढून घेतलें. दुसरीनें शंभराहून अधिक वर्षांनीं त्याच्या हातीं कांचेचा पडदा दिला.

मधला काळ कॅमेऱ्याच्या दृष्टीनें सुखाचा गेला. १९२५ च्या लायकांत डोळा लावावयास लहानशी भिंगाची खिडकी होती. १९२९ च्या रोलायफ्लेक्सवर घासलेल्या कांचेभोंवतीं पत्र्याच्या चार भिंतींची घडीची टोपी उघडे, व तींत एक भिंगहि असे. १९४९ च्या कॉन्टॅक्स-एस मध्यें पंचकोनी लोलकानें आरशांतील प्रतिमा सुलटी करून डोळ्यापर्यंत आणिली. तिन्ही उपकरणें वेगळीं, पण अंधाराची तजवीज तिन्हींत आहे. खिडकीस डोळा लावला कीं भुंवई, गाल आणि नाक हींच काळ्या कापडाचें काम करितात. इतकें स्वस्त कापड दुसरें कोणतें?

१९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचें. तें फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत, आणि पाहावयाचें तर दूरचित्रवाणीच्या पेटीवर, म्हणजे घरांत. पडदा पाठीवर घेऊन उन्हांत हिंडण्याची पद्धत पुढची. १९९२ सालीं शार्पच्या चलच्चित्र कॅमेऱ्यानें डोळा लावण्याच्या खिडकीऐवजीं द्रवस्फटिकाचा पडदा आणिला. १९९५ सालीं बाजारांत आलेल्या कॅसिओच्या क्यू-व्ही-१० या छायाचित्रांच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर १.८ इंचांचा पडदा होता, व दुसरी खिडकी मुळींच नव्हती. घेतलेलें चित्र तत्क्षणीं दिसूं लागलें, याचें नवल लोकांस वाटलें, आणि तें योग्यच होतें. पुढें पडदे अडीच-तीन इंचांचे झाले व लहान कॅमेऱ्यांतून बिचाऱ्या खिडकीची जागा त्यांनीं बळकाविली. दुकानांतील दिव्याखालीं मोठा पडदा गिऱ्हाइकास भुरळ घालितो. उन्हाची परीक्षा विकत घेतल्यावर व्हावयाची.

आतां थोडें गणित करूं. वाचकांनीं कंटाळूं नये. भर उन्हांत दर चौरस मीटरामागें पांढऱ्या सदऱ्याचें तेज सुमारें २५,००० कँडेला भरतें. साधी कांच समोरून येणाऱ्या प्रकाशापैकीं शेंकडा चार परत फेंकते. म्हणजे पडद्यांत दिसणारें सदऱ्याचें प्रतिबिंब १००० कँडेलांचें झालें. पडद्याचें स्वतःचें तेज ४०० धरूं. मग चित्रांतील पांढरें तें १४०० आणि काळें तें १०००. पडद्याचें तेज दुप्पट केलें तरी १८०० विरुद्ध १००० एवढाच फरक पडतो. उलट, तेज आहे तेवढेंच ठेवून आडोशानें प्रतिबिंब वीसावर आणिलें, तर ४२० विरुद्ध २० होतें, म्हणजे एकवीस पट! दिवा वाढविण्यापेक्षां अंधार वाढविणें किती फायद्याचें, हें केप्लरला या आंकड्यांवांचूनहि समजलें होतें. त्यांतून शिकाऊ लोकांस सांगण्यांत येणारा जुना नियम असा, कीं सूर्य पाठीशीं असावा. तो पाळला तर खांद्यावरून येणारें ऊन नेमकें पडद्यावर पडून त्यावरची धूळ व बोटांचे ठसे उजळून काढतें. न पाळला तर उन्हानें उजळलेला आपलाच सदरा पडद्यांत दिसतो. इकडे आड तिकडे विहीर. काळ्या कपड्यांची शिफारस जाणकार करितात ती यामुळेंच.

हानि केवळ गैरसोयीची असती तर आम्हीं येवढा मजकूर लिहिला नसता. पडदा फिका दिसला म्हणजे चित्रांतच उजेड कमी आहे असें वाटून मनुष्य प्रकाश वाढवितो, आणि घरीं येऊन पाहतो तों ढग, पांढरें पातळ, म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावरील उजेड, सर्व कोऱ्या कागदासारखें झालेलें असतें. जेथें कांहीं नोंदलेंच गेलें नाहीं तेथून पुढें कोणतीहि किमया तपशील काढूं शकत नाहीं. यास्तव पडद्यावरील चित्राऐवजीं हिस्टोग्राम नांवाचा जो प्रकाशाचा आलेख दाखवितां येतो, त्यावर विसंबावें असें सांगतात. सल्ला उत्तम आहे. मात्र चित्र पाहण्यासाठीं बसविलेल्या पडद्यावर अखेर आलेख वाचावा लागतो, यांत त्या पडद्याचा पराभव नाहीं काय?

कारखानदारांनीं उपाय केले नाहींत असें नाहीं. सोनीच्या २०१२ सालच्या आर-एक्स-१०० या कॅमेऱ्यांत तांबड्या, हिरव्या व निळ्या ठिपक्यांच्या जोडीस पांढरा ठिपका देऊन तेज वाढविलें होतें. पॅनासॉनिकच्या २००८ सालच्या जी-१ या कॅमेऱ्यांत आरसा काढून टाकून डोळा लावण्याची खिडकी परत आणिली व तिच्या आंत चिमुकला पडदा बसविला. केप्लरचा तंबू आंगठ्याएवढा झाला म्हणावयाचा. दोहोंपैकीं दुसरी वाट खरी, हें वरील गणितावरून वाचकांच्या ध्यानीं येईलच. पाठीवरच्या पडद्यास लावावयाच्या घडीच्या टोप्याहि मिळतात, आणि त्या पाहिल्या म्हणजे रोलायफ्लेक्सच्या टोपीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. एक सूचना जातां जातां करून ठेवितों: पोलरॉइड जातीचा काळा चष्मा डोळ्यांवर असेल तर तो काढून पाहावें, द्रवस्फटिकाच्या पडद्यांतून येणारा प्रकाश एकाच पातळींत कंप पावत असल्यामुळें कॅमेरा आडव्याचा उभा करतांच पडदा पार काळा पडण्याचा संभव असतो.

हल्लीं बहुतेक छायाचित्रें भ्रमणध्वनीच्या यंत्रावर निघतात, आणि त्यास डोळा लावावयाची खिडकी नाहींच. त्याचे कर्ते पडद्याचें तेज वाढवीत चालले आहेत. परंतु सूर्याशीं स्पर्धा करतां करतां यंत्र तापतें, आणि फार तापलें म्हणजे आपला जीव वांचविण्यासाठीं तें स्वतःच पडदा मंद करितें. मग देवळाच्या पटांगणांत उभ्या असलेल्या बाई डोकीवरचा पदर पुढें ओढून तो यंत्रावरहि घेतात, आणि पदराखालीं वांकून नातवंडांस सांगतात, जरा इकडे सरका, आतां सगळीं दिसतां.