खेळाडूला गुण किती?

गेल्या दिवाळीत माझी धाकटी बहीण मुलांना घेऊन टोरांटोहून कऱ्हाडला आली. भाऊबीज बारा वर्षांनी घरात होणार, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी चकल्यांचे दोन डबे जास्त केले होते. पण भाच्याचे लक्ष चकल्यांकडे नव्हते. त्याने येताना एक यंत्र बरोबर आणले होते, ते आमच्या जुन्या टीव्हीला कसे जोडावे याच विवंचनेत तो होता. दुपारपर्यंत त्याची खटपट यशस्वी झाली आणि आमच्या माजघरात, नोव्हेंबरच्या उन्हात, बर्फाचे एक पांढरेशुभ्र मैदान अवतरले.

ती हॉकी होती. पण ध्यानचंदांची नव्हे. बर्फावरची हॉकी. पायांत पात्यांचे बूट, हातात काठी, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती आणि बाजूला सहा-सहा गडी. लडाखात गोठलेल्या तळ्यांवर ती खेळतात हे मी ऐकून होतो, परंतु कॅनडात ती आपल्याकडच्या क्रिकेटसारखी घरोघर आहे. मला नवल वाटले ते मात्र निराळ्याच गोष्टीचे. प्रत्येक गड्याच्या नावापुढे एक आकडा होता. कोणाला ८४, कोणाला ९१. मी विचारले, "अरे, हे काय?"

"त्याचे गुण, मामा. नव्व्याण्णवांपैकी."

मी पंचवीस वर्षे मास्तरकी करीत आलो आहे. स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही, पण दुसऱ्यांना गुण देण्यात माझा हात धरणारा आमच्या शाळेत कोणी नाही. तेव्हा हे नव्व्याण्णवांपैकी गुण कोणी दिले, कसे दिले आणि कधीपासून दिले, हा शोध घेतल्याशिवाय मला चैन पडेना. सुट्टीभर भाच्याला प्रश्न विचारून आणि मागाहून मिळेल ते वाचून जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

प्रारंभी गुणांचा प्रश्नच नव्हता. १९३२ साली, महामंदीच्या दिवसांत, टोरांटोच्या डोनाल्ड मन्रो या गृहस्थाने मुलांना नाताळची भेट विकत घेणे परवडेना म्हणून घरातल्या टाकाऊ सामानातून टेबलावर खेळायची हॉकी तयार केली. तिथल्या ईटन्स या मोठ्या दुकानाने ती विक्रीला ठेवली आणि घराघरांत पोचवली. त्या खेळात डावीकडचा गडी आणि उजवीकडचा गडी यांत कोणी हुशार, कोणी मठ्ठ नसे. खेळणाऱ्याचे मनगट हाच काय तो फरक.

पुढे टीव्हीच्या पडद्यावरचे खेळ आले. १९८१ साली अटारीच्या यंत्रासाठी ॲक्टिव्हिजन कंपनीने जी बर्फावरची हॉकी काढली, तिच्यात बाजूला दोनच गडी असत. एक गोल राखणारा, एक पुढे धावणारा. त्यांना नावे नव्हती, मग गुण कुठले? माणसामाणसांतला फरक पडद्यावर ठळक दिसला तो १९८८ साली, निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या खेळात. आणि तोही किती साधा! गडी तीन जातींचे: बारीक, मध्यम आणि जाडा. बारीक गडी वाऱ्यासारखा पळे, पण त्याचा फटका कमजोर आणि धक्का लागताच तो कोलमडे. जाडा संथ, पण त्याचा फटका तोफेसारखा. मध्यम दोन्हींत मधला. चार गडी तुम्ही निवडायचे, कोणते किती घ्यायचे ते तुमच्या अकलेवर. मला हा हिशेब फार आवडला. कोणी कोणापेक्षा श्रेष्ठ नाही. प्रत्येकाचे काही देणे, काही घेणे.

हे साधेपण फार दिवस टिकले नाही. १९९१ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने सेगाच्या यंत्रासाठी खऱ्या नॅशनल हॉकी लीगचा खेळ काढला. इथे एक मोठी गंमत झाली. कंपनीने लीगची परवानगी घेतली होती, खेळाडूंच्या संघटनेची घेतली नव्हती. त्यामुळे संघांची नावे खरी, गणवेश खरे, पण आतल्या माणसांना नावे नाहीत, नुसते पाठीवरचे क्रमांक. पुढच्या वर्षी उलटे झाले. खेळाडूंच्या संघटनेची परवानगी मिळाली, लीगची नव्हती. तेव्हा माणसे आली आणि संघांची नावे-चिन्हे गेली. एका वर्षी माणसांवाचून कपडे, दुसऱ्या वर्षी कपड्यांवाचून माणसे! १९९३ साली निघालेल्या खेळात दोन्ही परवानग्या एकत्र आल्या आणि खरा माणूस खऱ्या गणवेशात, आपल्या गुणांसकट, पडद्यावर उभा राहिला.

एकदा माणसाला नाव मिळाले की त्याला गुणही द्यावेच लागतात. कारण पाठीवरचा क्रमांक वाचून प्रेक्षक भांडत नाही. नाव वाचले की भांडतो. वेग किती, फटक्याचा जोर किती, नेम किती, चकतीवरचा ताबा किती, असे रकाने पडले. शिकागोचा जेरेमी रोनिक १९९२ च्या खेळात असा काही भारी उतरला की त्याला घेणारा मुलगा सहसा हरत नसे. रोनिक खरोखरच मोठा खेळाडू. त्या सुमारास लागोपाठ दोन हंगामांत त्याने ५३ आणि ५० गोल केले होते. पण पडद्यावरचा रोनिक खऱ्या रोनिकच्याही पुढे गेला. १९९६ सालच्या 'स्विंगर्स' या चित्रपटात मित्र हाच खेळ खेळताना रोनिकचे गोडवे गातात. ज्यांनी बर्फ पाहिले नव्हते अशांनाही त्याचे नाव माहीत झाले.

१९९३ च्या खेळात कर्त्यांनी आणखी एक चांगला विचार केला. रोजचा दिवस सारखा नसतो हे ओळखून प्रत्येक सामन्यागणिक खेळाडूचे गुण थोडे खालीवर होतील अशी सोय केली. आमच्या परीक्षा घेणाऱ्यांना ही बुद्धी कधी सुचली नाही! परंतु त्याच खेळात एक चूकही राहून गेली. टक्कर झाली म्हणजे वजनदार गड्याने हलक्याला पाडावे, हा निसर्गनियम. यंत्राच्या हिशेबात तो उलटा शिरला आणि हलके गडी धिप्पाडांना लोळवू लागले. ही चूक मुलांनी हेरली आणि ठेंगण्या गड्यांना भाव आला.

मला मात्र ही चूक वाचून कॅल्गरीचा थिओ फ्ल्यूरी आठवतो. उंची अवघी ५ फूट ६ इंच. १९८७ साली नव्या मुलांची निवड झाली तेव्हा जाणत्यांनी त्याच्याआधी १६५ मुले उचलली. दोन वर्षांनी तो विजेत्या संघात होता, १९९०-९१ च्या हंगामात त्याने ५१ गोल केले आणि कारकीर्द संपली तेव्हा लीगमधले त्याचे गोल ४५५ झाले होते. यंत्राची चूक चूकच. पण जाणत्यांचा हिशेब तरी कुठे बरोबर होता?

आता 'हुबेहूबपणा'विषयी. खेळ खऱ्यासारखा हवा, असे खेळणारे नेहमी म्हणतात. मी एक त्रैराशिक मांडून पाहिले. खरा सामना ६० मिनिटांचा. त्यात एक संघ साधारण ३० वेळा गोलवर फटका मारतो आणि चांगला गोलरक्षक शंभरातले नव्वद अडवतो. म्हणजे गोल तीन. पडद्यावरचा सामना मुले १५ मिनिटांत उरकतात. सगळे काटेकोर खरे ठेवले तर फटके साडेसात आणि गोल पाऊण! पाऊण गोलासाठी कोणता मुलगा जेवणाची हाक चुकवील? म्हणून कर्त्याला कुठेतरी लबाडी करावीच लागते. फटके वाढवायचे, घड्याळ पळवायचे, नाहीतर गोलरक्षकाला थोडे आंधळे करायचे. आम्ही कादंबरीकार हेच करतो. माणसाचे आयुष्य दोनशे पानांत बसवायचे तर त्याच्या रिकाम्या दुपारी गाळाव्याच लागतात, आणि तरीही वाचकाने म्हणावे, "अगदी खरे हो!"

अलीकडच्या खेळांत रकाने वीसांच्या वर गेले आहेत. तोल, दम, शिस्त, धीर, एवढेच काय, 'समज' हाही एक रकाना आहे. त्या सर्वांचा मिळून एक आकडा निघतो आणि लीगमधले बहुतेक गडी सत्तरीच्या वरच्या अंगापासून नव्वदीच्या मध्यापर्यंत दाटीवाटीने बसतात. जणू सगळा वर्ग पहिल्या श्रेणीत!

'समज' या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. कारण वेन ग्रेट्झ्की. हा माणूस धिप्पाड नव्हता, सर्वांत चपळ नव्हता, त्याचा फटकाही सर्वांत जोरकस नव्हता. तरी त्याच्या खात्यावर ८९४ गोल आणि १९६३ गोलसाह्ये जमा आहेत. गोलांचा त्याचा विक्रम एप्रिल २०२५ मध्ये अलेक्झांडर ओव्हेच्किनने मोडला; पण ग्रेट्झ्कीचे गोल सगळे पुसून टाकले, तरी नुसती गोलसाह्येच दुसऱ्या कोणाच्याही एकूण बेरजेहून अधिक भरतात. प्रतिपक्षाच्या गोलाच्या मागच्या अरुंद जागेत तो चकती घेऊन उभा राही आणि सहकारी कुठे पोचणार आहे ते आधीच जाणे. पायाच्या वेगाला घड्याळ लावता येते. या जाणण्याला काय लावायचे? तिथे कर्ता सरळ मोठा आकडा टाकतो आणि पुढे जातो. योगायोग असा की ग्रेट्झ्कीच्या पाठीवरचा क्रमांकही ९९ होता.

डॉमिनिक हाशेकचेही तसेच. १९८३ च्या निवडीत हा झेक गोलरक्षक १९९ वा. त्याची बर्फावर लोळून, काठी टाकून गोल अडवण्याची तऱ्हा कोणत्याच पुस्तकात बसत नव्हती. शिकागोने त्याला १९९२ साली बफेलोला देऊन टाकले. पुढे त्याने सर्वोत्तम गोलरक्षकाचे पारितोषिक सहा वेळा मिळवले आणि १९९८ साली नागानोला देशाला ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून दिले.

हे वाचीत असताना मला माझा एक विद्यार्थी सारखा आठवत होता. सहावीत होता. इतिहासाच्या पेपरात त्याने प्रश्न सोडून शिवनेरीच्या वाटेचा नकाशा काढला. मी १०० पैकी ३१ दिले आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला: "सामान्य." पुढल्या वर्षी बापाने त्याला शाळेतून काढले. शेऱ्यामुळे काढले असे मी म्हणत नाही, पण बापाने ते पुस्तक माझ्यापुढे धरून विचारले होते, "गुरुजी, पुढे काही होईल का याचं?" आणि मी गप्प राहिलो होतो. तीन वर्षांपूर्वी माझी स्कूटर एसटी स्टँडाजवळ बंद पडली, ती लोटत एका गॅरेजात नेली, तर मालक तोच. त्याने इंजिन चालू करून नुसते कान देऊन ऐकले आणि नेमका दोष सांगितला. मग म्हणाला, "सर, सहावीत तुम्ही मला एकतीस दिले होते." वीस वर्षांत आकडा तो विसरला नव्हता. त्याच्या आवाजात राग नव्हता. पैसे मात्र त्याने पुरते घेतले, आणि ते मला बरे वाटले.

ऐकून दोष ओळखण्याचा रकाना माझ्या प्रगतिपुस्तकात नव्हता. पण तो का नाही, असे मीही कधी विचारले नव्हते.

रकाना का नाही, असे विचारणारी एक मुलगी निघाली. बफेलोची, १४ वर्षांची, हॉकी खेळणारी. या खेळात मुलींना जागाच नव्हती. स्वतःसारखा गडी बनवायचा तर मुलाचा बनवावा लागे. तिने कंपनीला पत्र लिहिले. लीगच्या परवानगीचा अडसर आधी पुढे आला. अखेर परवानगी मिळाली आणि २०११ साली निघालेल्या खेळात मुलगी म्हणून खेळण्याची सोय झाली. नमुन्याचा चेहरा त्या पत्र लिहिणारीचाच घेतला. पुढच्याच वर्षी हेली विकेनहायझर आणि अँजेला रुजेरो या नामांकित खेळाडू खेळात आल्या, आणि २०२२ साली सारा नर्स खेळाच्या वेष्टनावर झळकली.

ही हकिकत भाच्याने भाऊबीजेच्या रात्री सांगितली तेव्हा त्याची धाकटी बहीण उठून बसली. "मग मलाही बनव!" भाऊ एकेक रकाना विचारू लागला. वेग? नव्व्याण्णव. ताकद? नव्व्याण्णव. धीर? नव्व्याण्णव. तो चिडला, "असं खरं नसतं!" तिने माझ्याकडे पाहिले. "मामा, तुम्ही सर आहात ना? तुम्ही सांगा."

पंचवीस वर्षांत कोणाला गुण देताना माझा हात इतका अडला नव्हता. मी म्हणालो, "अगोदर खेळू दे तिला. मग पाहू."

ती खेळली. पहिल्याच टकरीत आडवी झाली, हसली, आणि पुन्हा उठून चकतीमागे धावली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सहामाहीची प्रगतिपुस्तके माझ्या टेबलावर आली. आकडे मी भरले. ते भरावेच लागतात. शेऱ्याच्या रकान्यात मात्र यंदा एकाही मुलापुढे 'सामान्य' लिहिले नाही. प्रत्येकाला काय येते ते एकेक ओळ लिहिले. चार मुलांपुढे मला लिहायला काही सुचेना, तेव्हा कळले की त्यांना मी अजून नीट पाहिलेलेच नाही. त्या चार ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. वार्षिक परीक्षेपर्यंत मला मुदत आहे.