कंबरदुखीतील पाठीचे स्नायू

कंबरेच्या मणक्यांना मागून आधार देणाऱ्या स्नायूंचा आकार, पोत व ताकद यांत कंबरदुखीच्या रुग्णांत आढळणारे बदल. २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. यांतील बहुसंख्यांच्या दुखण्याला एक ठरावीक कारण दाखवता येत नाही. स्नायूंकडे लक्ष वळले ते यामुळेच.

रचना : इरेक्टर स्पायनी हा लांब तंतूंचा स्नायुगट बाहेरच्या अंगाला असतो, तर मल्टिफिडस कण्याला लगटून. मल्टिफिडसचे तंतू आखूड पण दाट असल्याने त्याचा जोर आकाराच्या मानाने मोठा असतो. माणूस पुढे वाकला की हा जोर आणखी वाढतो, म्हणजे कण्याला आधाराची गरज असते नेमका तेव्हाच.

आकार : ऑस्ट्रेलियातील ज्युली हाइड्स व सहकाऱ्यांनी नुकतीच एका बाजूला उसण भरलेल्या २६ रुग्णांची सोनोग्राफी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस रोडावलेला होता. दोन बाजूंतला फरक सरासरी ३१ टक्के, तर निरोगी व्यक्तींत जेमतेम ३ टक्के. १९९६ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासातील निष्कर्ष याहून महत्त्वाचा आहे. प्रथमच कंबर धरलेल्या ३९ जणांचे दुखणे बहुतांशी चार आठवड्यांत थांबले, पण ज्यांना खास व्यायाम दिला नव्हता त्यांचा स्नायू दहाव्या आठवड्यातही भरून आला नव्हता. वर्षभरात या गटातील ८४ टक्के लोकांची कंबर पुन्हा दुखली. व्यायाम केलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. दुखणे गेले म्हणजे स्नायू बरा झाला, हा समज या कामाने मोडला. गट लहान होते, हे मात्र लक्षात घ्यावे लागते.

पॉल हॉजेस व सहकाऱ्यांच्या डुकरांवरील प्रयोगात (२००६) मणक्यांमधील चकतीला इजा केल्यावर तीनच दिवसांत त्या बाजूचा मल्टिफिडस आक्रसला. केवळ हालचाल थांबल्याने इतक्या लवकर असे होणे अवघड. म्हणून इजेनंतर मज्जासंस्थाच स्नायूला आवरते, असे मानले जाते.

पोत : डेन्मार्कमधील अभ्यासात (२००७) मल्टिफिडसमधील मेदाचा कंबरदुखीशी संबंध प्रौढांत दिसला, किशोरवयीनांत नाही.

ताकद : फिन बीरिंग-सोरेन्सन यांची चाचणी प्रसिद्ध आहे. टेबलावर पालथे निजवून पाय पट्ट्यांनी बांधतात आणि कडेबाहेरचे धड आडवे तोलून धरायला सांगतात. कमाल वेळ २४० सेकंद. जास्त वेळ तग धरणाऱ्या पुरुषांना पुढच्या वर्षात पहिली कंबरदुखी कमी झाली (१९८४). स्त्रियांत असे दिसले नाही. चाचणी मोजते ती दमदारी. त्यात नितंब व मांड्यांचे स्नायूही राबतात, आणि दुखेल या भीतीनेही माणूस लवकर खाली येतो. त्यामुळे या चाचणीवरून पाठीच्या स्नायूंच्या ताकदीचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

शस्त्रक्रिया : कण्यावर मागून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मल्टिफिडस बारीक होऊ शकतो.

उपचार : जुनाट कंबरदुखीत मल्टिफिडससारख्या खोल स्नायूंवरील नियंत्रणाचे व्यायाम इतर व्यायामांहून ठळकपणे सरस नाहीत, असे कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या संशोधन-आढाव्यात आढळले. ऑस्ट्रेलियातील तरुण क्रिकेटपटूंवरील अभ्यासात (२००८) मात्र सोनोग्राफीच्या पडद्यावर आपला स्नायू पाहत सराव केलेल्या कंबरदुखीग्रस्त खेळाडूंचा मल्टिफिडस वाढला व वेदनाही घटल्या.