बारामतीची आर्या, इंदापूरची ओवी आणि स्मरणातली चाल

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बारामतीचे नाव येते ते मोरोपंतांमुळे. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या गीती-आर्येची बांधणी मोजकी: विषम चरणात १२ मात्रा, सम चरणात १८, शेवटी यमक. पाठ म्हणताना एक शब्द सुटला की मात्रा कमी पडते, चाल अडखळते आणि चूक कानालाच कळते. ग्रंथ छापले जात नव्हते त्या काळी मुद्रितशोधन असे चालत असे. पंतांच्या संस्कृतप्रचुर भाषेवर टीका पुष्कळ झाली. परंतु तेच अवघड शब्द कीर्तनकारांच्या मुखातून अक्षरओळख नसलेल्या प्रौढ श्रोत्यांपर्यंत पोहोचले, हे टीकाकार सहसा विसरतात.

याच मुलखात दुसरी पाठशाळा पहाटे जात्यापाशी भरत असे. मुलगी आईशेजारी बसून ओवी उचले. लग्नानंतर सासरी खुंट्याला नवा हात, नवा आवाज आणि नवे शब्द मिळत. शिक्षण तेथे थांबत नसे. सून सासू झाली तरी ओव्यांची भर पडतच राही.

आर्या आणि ओवी यांत मात्र मूलभूत भेद आहे. आर्या शब्द राखते. जात्यावरची ओवी चाल राखते आणि शब्दांना जागा देते: अक्षरे कमी-जास्त झाली तरी गळा सांभाळून घेतो. म्हणूनच भावाचे, लेकीचे, गावाचे नाव त्याच ओवीत नव्याने बसू शकते.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास जाते. दिंडीत उतारवयात प्रथमच चालणारा वारकरीही अभंग पाठ करतो, तो पुस्तकावरून क्वचितच. पुढचा म्हणतो, मागचा धरतो.

यामागचे मर्म आधुनिक मानसशास्त्राने तपासले आहे. वांडा वॉलेस यांच्या १९९४ च्या प्रयोगांत गाऊन ऐकवलेला मजकूर नुसत्या बोललेल्यापेक्षा अधिक आठवला. पण अट अशी की, तीच चाल कडव्यामागून कडव्यात पुन्हा यावी. प्रत्येक कडव्याला वेगळी चाल दिली तेव्हा हा लाभ उरला नाही. जात्यावर नेमकी हीच अट पाळली जात होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरोच्या अभ्यासात ६० प्रौढांना अपरिचित हंगेरियन वाक्ये शिकवली गेली; गाऊन शिकलेल्यांना ती अधिक चांगली म्हणता आली. केवळ तालात बोलणाऱ्यांना तेवढे यश आले नाही, हे विशेष.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांच्या दंडावरचा भार उतरला. त्याबद्दल हळहळणे अन्यायाचे होईल. पण जाते फिरायचे थांबले तशी रोजची उजळणीही थांबली, आणि जी ओवी कोणी कधी लिहिलीच नव्हती तिला दुसरा आधार नव्हता.

ही गळती ओळखून हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या साहाय्याने ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह पुढे ‘पारी’ने २०१७ पासून लोकांसमोर आणला. इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. संग्राहकांनी सगळे काम कागदावर भागवले नाही. हजारो ओव्या त्यांनी गळ्यासकट ध्वनिमुद्रित केल्या.