विजेची काटकसर आणि वीजकंपनीचा पैसा

दुकानदारानें गिऱ्हाइकाला आपला माल कमी नेण्याचा आग्रह करावा, आणि तो कमी लागावा म्हणून पदरचे पैसेही खर्चावे, असा व्यवहार बाजारांत सहसा कोणाच्या पाहण्यांत येत नाहीं. एखादा वाणी म्हणूं लागला, कीं "साखर कमीच न्या, आणि तेवढ्यांत भागावें म्हणून हे दहा रुपये माझ्याकडून घ्या," तर आपण त्याच्या हेतूविषयीं शंका घेऊं, नाहीं तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करूं. असें असूनही एका धंद्यांत हा प्रकार सुमारें पन्नास वर्षें चालत आला आहे. हा धंदा विजेचा. ग्राहकाच्या घराच्या फटी बुजवाव्या, छताखालीं उष्णता अडविणारा थर घालावा, खिडक्यांना दुहेरी-तिहेरी काचा बसवाव्या, आणि त्याचा खर्च वीज विकणाऱ्या कंपनीनें थोडा किंवा सगळा सोसावा, अशा योजना अमेरिकेंत व युरोपांत वारंवार निघाल्या. त्यांपैकीं कित्येक फसल्या, कांहीं साधल्या. त्या इतिहासांतील एक प्रकरण मला विस्तारानें सांगावयाचें आहे. कारण अशा योजना सुधारावयाच्या कशा, या प्रश्नाचीं बहुतेक उत्तरें आणि बहुतेक अडचणीही त्या एका प्रकरणांत सांपडतात.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत कोलंबिया नामक मोठी नदी आहे. १९३७ सालीं तेथें बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन हें सरकारी वीजखातें स्थापन झालें, आणि बॉनव्हिल, ग्रँड कूली इत्यादि धरणांची वीज त्या प्रांताला अत्यंत स्वल्प दरानें मिळूं लागली. आपल्याकडे पुण्यामुंबईस शेगडी पेटते ती स्वयंपाकासाठीं. तिकडे वर्षांतील कित्येक महिने सबंध घर तापवावें लागतें. वीज इतकी स्वस्त म्हटल्यावर लोकांनीं तीं घरें विजेवरच तापविण्यास सुरवात केली, आणि बांधणाऱ्यांनीं भिंतींत व छतांत थर घालण्याची तसदी घेतली नाहीं. पाण्याच्या मोलानें मिळणारी ऊब छपरांतून निघून गेली तरी कोणाचें काय गेलें ?

पुढें १९७०-८० च्या दशकांत हा हिशेब उलटला. धरणें बांधण्याजोग्या जागा संपत आल्या, मागणी वाढतच जाणार असे अंदाज प्रसिद्ध झाले, आणि वॉशिंग्टन राज्यांतील सार्वजनिक वीजसंस्थांच्या एका संघानें एकदम पांच अणुवीजकेंद्रें उभारण्याचें काम हातीं घेतलें. खर्च अंदाजाच्या अनेक पटींनीं वाढला, मागणी मात्र अंदाजाप्रमाणें वाढली नाहीं. १९८३ सालीं त्या संघाला सव्वादोन अब्ज डॉलरांचे कर्जरोखे बुडीत ठरवावे लागले. पांचांपैकीं एकच केंद्र पुरें झालें.

या पार्श्वभूमीवर दुकानदाराच्या वागण्याचा उलगडा होतो. जुनी जलवीज स्वस्त, नवी अणुवीज महाग. आणि ग्राहकानें एक युनिट वाचविलें, म्हणजे कंपनीचें महाग युनिट वांचतें. तेव्हां त्या बचतीसाठीं नव्या युनिटाच्या किंमतीहून कमी पैसे मोजले, तर सौदा कंपनीच्याही पथ्यावर पडतो. १९८० च्या डिसेंबरांत अमेरिकन काँग्रेसनें वायव्य प्रांतासाठीं जो कायदा केला, त्यांत काटकसर ही विजेच्या साधनांपैकींच एक मानली, आणि नवें केंद्र बांधण्याच्या आधीं तिला अग्रक्रम दिला. काटकसरीला आपण आजवर गृहिणीचा गुण समजत आलों. कायद्यानें तिला धरणाच्या पंक्तीला बसविलें, हें मला त्या कायद्याचें मोठें वैशिष्ट्य वाटतें.

परंतु सद्गुणाला कायद्यांत स्थान मिळालें म्हणून तो लोकांच्या घरांत शिरतो असें नाहीं. १९७८ च्या एका राष्ट्रीय कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर अशी सक्ति केली होती, कीं त्यांनीं माणूस पाठवून ग्राहकाच्या घराची तपासणी करावी आणि ऊब कोठून निसटते तें सांगावें. याबद्दल ग्राहकाकडून पंधरा डॉलरांहून अधिक घेऊं नयेत. बहुतेक ठिकाणीं दहा घरांपैकीं एकानेंही तपासणीसाला बोलाविलें नाहीं. कांहीं कंपन्यांनीं याच सुमारास बिनव्याजी कर्जें देऊं केलीं. ओरेगॉन राज्यांतील एका योजनेंत तर घर विकेपर्यंत कर्ज फेडण्याचें कारण नव्हतें. तरीही प्रतिसाद कोठें भरघोस, कोठें नाममात्र. १९८६ सालीं पॉल स्टर्न व त्यांचे सहकारी यांनीं अशा अनेक योजना पडताळून पाहिल्या, तेव्हां असें आढळलें, कीं तीच सवलत देणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांच्या यशांत दहापट व त्याहूनही अधिक अंतर होतें. सवलत किती हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच ती कोण आणि कशी देतो हेंही महत्त्वाचें ठरलें.

आतां मुख्य कथानकाकडे येतों. ओरेगॉन राज्यांत, हिमाच्छादित हूड पर्वताच्या पायथ्याशीं, कोलंबियेच्या कांठीं हूड रिव्हर नांवाचा एक लहानसा जिल्हा आहे. सफरचंदाच्या व नासपतीच्या बागा हा तेथील मुख्य उद्योग. वस्ती त्या काळीं सुमारें पंधरा हजार. निसर्गसंपत्तीच्या रक्षणासाठीं झगडणारी नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही वकिलांची संस्था, बॉनव्हिलचें सरकारी खातें आणि पॅसिफिक पॉवर अँड लाइट ही खासगी कंपनी यांनीं मिळून १९८३ सालीं तेथें एक प्रयोग आरंभिला. प्रश्न असा होता : पैशाची अडचण जवळजवळ ठेविलीच नाहीं, तर एका वस्तींतील किती घरें दुरुस्ती करून घेतील, आणि त्यांतून किती वीज वाचेल ? सरकारी खात्यानें यासाठीं दोन कोटि डॉलर मंजूर केले.

काम जुजबी नव्हतें. छताखालीं व जमिनीखालीं जाड थर, तिहेरी काचांच्या खिडक्या, दारांच्या फटींना पट्ट्या, असें सर्व कांहीं तेथें केलें, आणि तेंही बहुतेक घरांत मालकाला एक पैही न पडतां. घरटीं खर्च सुमारें चार हजार चारशें डॉलर आला. विजेवर तापणारीं घरें अदमासें साडेतीन हजार होतीं. त्यांपैकीं शेंकडा नव्वदांनीं तपासणी करून घेतली, आणि शेंकडा पंचाऐशींच्या घरांत दुरुस्ती झाली. एरव्हीं अशा योजनांपासून दूर राहणारे गरीब लोक व भाडेकरूही यांत आले.

पैसे फुकट होते म्हणून लोक आले, असें झटकन् म्हणण्याचा मोह होईल. पैसा होता हें खरेंच. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूकडेही लोक संशयानें पाहतात, आणि वीजकंपनीकडून फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे तर विशेषच. जाहिरातीसाठीं जी तयारी केली होती, तिचा मोठा भाग वापरण्याची वेळच आली नाहीं. पहिल्या कांहीं महिन्यांतच तपासणीसांना पुरे पडतां येईना इतकीं नांवें आलीं. शेजाऱ्यानें शेजाऱ्याला सांगितलें, हीच काय ती जाहिरात. ज्याच्या घरीं काम झालें, त्याच्या खिडक्या सगळ्यांना दिसत होत्या. गांव लहान, आणि योजना सबंध गांवाची होती. कोणाला लागू, कोणाला नाहीं, हा प्रश्न दारावर विचारावा लागत नव्हता.

यानंतर मीटर वाचले, तेव्हां निराळीच गोष्ट पुढें आली. तपासणीसांच्या अंदाजाच्या मानानें प्रत्यक्ष बचत शेंकडा त्रेचाळीस भरली. दर घरीं, दर वर्षीं सुमारें दोन हजार सहाशें युनिटें. काम निकृष्ट होतें म्हणावें, तर तसें नव्हतें. कारण असें, कीं प्रयोगाच्या आधींच्या वर्षांत विजेचे दर भराभर चढले होते, आणि लोकांनीं आपल्यापुरता उपाय शोधून ठेविला होता. कोणी लाकडाची शेगडी मांडली, कोणी न लागणाऱ्या खोल्या बंद केल्या. तपासणीसाचें गणित घराकडे पाहून केलेलें होतें, घरांत राहणाऱ्याकडे पाहून नव्हे. जी वीज लोक जाळतच नव्हते, ती वांचणार कोठून ?

या आंकड्याचे दोन अर्थ होतात, आणि पुढच्या चाळीस वर्षांचा वाद या दोन अर्थांभोंवतीं फिरतो. पहिला अर्थ हिशेबनिसाचा : कंपनीनें पैसे दिले शंभरांचे, माल मिळाला त्रेचाळिसांचा. दुसरा अर्थ घरांत बसलेल्या माणसाचा. जो घोंगडी पांघरून एका खोलींत हिंवाळा काढीत होता, त्याला आतां चार खोल्या मोकळ्या झाल्या. हा लाभ मीटरवर उमटत नाहीं. दोन्ही अर्थ खरे आहेत. परंतु ज्याच्या पैशानें हें चालतें, तो अखेर दुसरा ग्राहकच असतो. कारण कंपनीचा खर्च दरांत मिळविला जातो. म्हणून पहिला अर्थ नुसता कोत्या बुद्धीचा म्हणून टाकून देतां येत नाहीं.

हिशेबनिसाच्या अर्थाचा कस कॅलिफोर्नियांत लागला. तेथें १९८२ सालापासून नियामक आयोगानें कंपन्यांचें उत्पन्न विक्रीपासून सोडविलें : विक्री घटली तर पुढील दर त्या मानानें जुळवून घ्यावयाचे, म्हणजे काटकसरीनें कंपनीचें नुकसान होऊं नये. ही सुधारणा मला अत्यावश्यक वाटते. तिच्यावांचून कंपनी एका हातानें सवलत देते आणि दुसऱ्या हातानें ती निष्फळ कशी होईल हें पाहते. पण पुढें बचत घडविल्याबद्दल बक्षीसही ठेवण्यांत आलें, आणि २००६ ते २००८ या काळाच्या बक्षिसावरून मोठी तक्रार माजली. कंपन्या अंदाजाची बचत दाखवीत, स्वतंत्र परीक्षक मोजलेली बचत दाखवीत, आणि दोन्हींत अंतर पडे. हूड रिव्हरचें गणित येथें पुन्हां उभें राहिलें. फरक एवढाच, कीं आतां त्या अंतरावर कोणाचा तरी नफा अवलंबून होता.

इंग्लंडांत जानेवारी २०१३ मध्यें 'ग्रीन डील' नांवाची योजना निघाली. दुरुस्तीसाठीं कर्ज घ्यावें, आणि तें विजेच्या बिलांतून हप्त्यानें फेडावें, अशी तिची कल्पना. हप्त्याची कल्पना वाईट नव्हे. आपल्याकडे २०१५ नंतर एल. ई. डी. दिवे कित्येक ठिकाणीं असेच बिलांतून हप्त्यानें दिले गेले आणि ते खपलेही. परंतु दिवा दहा मिनिटांत बसतो. येथें तपासणी, करारनामा, शेंकडा सातांच्या आसपास व्याज आणि घरभर मजूर; यासाठीं उत्साह कोणाला ? जुलै २०१५ मध्यें सरकारनें पैसा थांबविला, तोंपर्यंत सुमारें चौदा हजार घरांनीं कर्ज घेतलें होतें. त्याच देशांत, यॉर्कशायरमधील कर्कलीज येथें, नगरसंस्थेनें २००७ ते २०१० या वर्षांत वीज व गॅस कंपन्यांचा पैसा मिळवून घरोघर माणसें पाठविलीं, उत्पन्न न विचारतां छताखालीं व पोकळ भिंतींत थर फुकट घातला, आणि पन्नास हजारांहून अधिक घरें पुरीं केलीं. एका नगराचें काम सबंध देशाच्या योजनेहून तिपटीनें मोठें झालें.

फुकट म्हटलें कीं पुरे, असेंही नाहीं. मिशिगन राज्यांत फाउली, ग्रीनस्टोन आणि वुल्फ्राम या अर्थशास्त्रज्ञांनीं सुमारें तीस हजार कुटुंबांवर पाहणी केली. तिचा अहवाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. दुरुस्ती विनामूल्य होती, परंतु उत्पन्नाचे दाखले, अर्ज आणि भेटी यांचें लचांड मागें होतें. ज्यांना फोन करून, घरीं जाऊन, कागद भरून देऊन मदत केली, त्यांच्यांतूनही शेंकडा सहाच घरें आलीं. ज्यांना तशी मदत नव्हती, त्यांच्यांतून शेंकडा एकही नाहीं. आणि बचत ? अंदाजाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. हूड रिव्हरच्या त्रेचाळिसाशीं हा आंकडा ताडून पाहिला, म्हणजे मध्यंतरीच्या तीस वर्षांत तपासणीसाचें गणित फारसें सुधारलें नाहीं असें म्हणावें लागतें.

यावर अलीकडे काढलेला उपाय सरळ आहे. अंदाज बाजूस ठेवावा, दुरुस्तीच्या आधींचें व नंतरचें मीटर वाचावें, हवामानाचा फरक वजा करावा, आणि जेवढीं युनिटें खरोखर घटलीं तेवढ्यांचेच पैसे कंत्राटदाराला द्यावे. कॅलिफोर्नियानें २०१५ सालच्या कायद्यानें या रीतीला वाट करून दिली. मीं स्वतः या रीतीच्या बाजूचा आहें. काम करणाऱ्याचें लक्ष कागदावरून घराकडे वळविण्याचें तिच्याइतकें दुसरें साधन दिसत नाहीं. पण तिची एक खोंच आहे. पैसे युनिटावर मिळणार, म्हटल्यावर कंत्राटदार मोठ्या बिलाचें घर शोधतो. जो आधींच गारठून वीज वाचवीत आहे, त्याच्या घरांत विकत घेण्याजोगी बचतच नसते, आणि त्याचें दार कोणी ठोठावीत नाहीं. हूड रिव्हरला हा प्रश्न उद्भवला नाहीं, कारण तेथें प्रत्येक घर घ्यावयाचें ठरलें होतें. त्याची किंमत मात्र पुढें अर्ध्यामुर्ध्या बचतीच्या रूपानें हिशेबांत दिसली.

म्हणून कॅलिफोर्नियांत गरीब घरांचें खातें निराळें काढलें आहे. तेथें दुरुस्ती फुकट होते, आणि कामाचें मोल ठरवितांना वाचलेल्या युनिटांबरोबर घरांतील माणसांचें आरोग्य व सुख हींही धरलीं जातात. मात्र कोणाचें घर गरीब, हें ठरविण्यासाठीं बहुधा उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो, आणि तो मागणारा कागद घेऊनच माणूस दारीं येतो.